इंजिन बसले, त्याची हकीकत

संकठा घाट, काशी
चैत्र वद्य, १९९६ (इकडच्या लोकांचा वैशाख लागलासुद्धा, आपलं घर अजून चैत्रातच आहे)

ती. सौ. अक्कास,

तुझ्या पायांवर वीणाचं डोकं, आणि डोक्यावर पदर आहे हे वाचून तुला बरं वाटेल. इकडे सगळे धडधाकट आहेत. इतके, की दोघातिघांनी चार दिवस अंथरूण धरलं असतं तर घराला जरा विसावा मिळाला असता. तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस. भाऊजींचं बी.पी. अजून वरच आहे का? आमच्या जीपचं खाली गेलं आहे. हा विनोद नाही, पुढची सगळी पानं ह्याच विषयावर आहेत, तेव्हा चहा घेऊन बस. बकुळला अनेक आशीर्वाद. तिच्या लग्नाची पत्रिका मागेच पोचली, देवापुढे ठेवली. मग ह्यांनी ती देवापुढून उचलून, चष्मा लावून, तीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि परत देवापुढे ठेवली. (व्याह्यांना सांगू नकोस.)

पत्रिका आली त्याच दिवशी मी ह्यांना विचारलं, नागपूरला निघायचं कधी? हे म्हणाले, आपल्या जीपनं जाऊ. मी म्हटलं, रेल्वे आहे. तर रेल्वेत म्हणे सोवळं राहत नाही. आणि जीपमध्ये राहतं! त्या जीपमध्ये बारा महिने मिरजेपासून नगरपर्यंतचे यात्रेकरू चपला-जोड्यांसकट बसतात, त्यांच्या वळकट्या, त्यांच्या लोणच्याच्या फुटक्या बरण्या, गंगेत बुडवून न पिळता आणलेली त्यांची धोतरं, सगळं तिच्यात सांडलेलं असतं. पण जीप आपली, म्हणून ती सोवळ्यात. शिवाय मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला स्वतःच्या गाडीतून, गंगाजलाचे हंडे घेऊन, मिर्झापूर, रीवा, जबलपूर करत दारात उतरण्यात जो मान आहे तो रिक्षातून उतरण्यात नाही. तेव्हा माझं माहेरी येणं हे त्या दिवसापासून त्या जीपवर टांगलेलं आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

जीप तू पाहिलेली नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस, तिनंही आमचं घर पाहिलेलं नाही. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, आणि सांड आला तर दोघांनाही. म्हणून जीप मैदागिनला एका धर्मशाळेच्या आवारात उभी असते आणि आम्ही तिला भेटायला जातो. माझे धाकटे दीर ढुंढिराजभाऊजी ती चालवतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना स्टेशनवरून आणायचं आणि विधी उरकले की पोचवायचं, हे तिचं काम. (इकडे यजमान म्हणजे यात्रेकरू. माझे यजमान म्हणजे तुझे मेहुणे. मागच्या पत्रात मी 'यजमान आले, जेवले, गया करायला निघून गेले' असं लिहिलं होतं, त्यावर तू घाबरून तार केलीस, म्हणून हा खुलासा.)

तर दुखणं सुरू झालं माघात. इंजिनात तेल असतं आणि ते नुसतं असून भागत नाही, ते दाबानं सगळ्या भागांपर्यंत चढावं लागतं, हे मला ह्या वयात कळलं. दाब पडला की लोखंडावर लोखंड घासतं, आतून खडखड सुरू होते, आणि चालवणाऱ्याच्या समोर एक लाल दिवा लागतो. आमचा दिवा गाडी थंड असताना विझलेला असायचा, तापली की लागायचा. ढुंढिराजभाऊजींनी ह्यावर पहिला उपाय केला तो असा, की त्या दिव्यावर गणपतीचं चित्र चिकटवलं. यात्रेकरू घाबरतात म्हणे. मग दिवा लागला की गणपतीच्या मागून तांबडा उजेड यायचा आणि मागच्या बाकावरच्या बायका हात जोडायच्या. एका म्हातारीनं तर त्याला नवस बोलला. दुसरा उपाय म्हणून जाड तेल घातलं. गणपती चार दिवस विझला आणि पुन्हा पेटला. तेव्हा कुठे गाडी लल्लन मिस्त्रीला दाखवावी असं घरातल्या बुद्धिमंतांना सुचलं.

लल्लन मिस्त्रीच्या तोंडात सदैव पान असतं, त्यामुळे त्याचं अर्धं निदान आपण समजून घ्यायचं असतं आणि उरलेलं अर्धं अंगावर उडू द्यायचं नसतं. त्यानं कान लावून इंजिन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "गुरूजी, बनवा लेब त चल जाई, बदल देब त दौड़ जाई." म्हणजे दुरुस्त केलंत तर चालेल, बदललंत तर पळेल. ह्याला इकडे सल्ला म्हणतात. काय कर, हे बनारसमध्ये कुणी सांगत नाही. दोन्ही रस्ते कसे चांगले आहेत तेवढं सांगतात आणि पान थुंकायला जातात.

आता तुझ्या नागपुरात अशा वेळी लोक काय करतात? हातात किती आहे, लग्न कधी आहे, एवढं पाहतात आणि ठरवून टाकतात. आमच्याकडे शास्त्रार्थ झाला. ह्यांचं म्हणणं दुरुस्ती करावी, कारण तो जीर्णोद्धार आहे आणि जीर्णोद्धाराचं पुण्य नव्यापेक्षा जास्त. भाऊजींचं म्हणणं नवं इंजिन आणावं, कारण मूर्ती भंगली तर तिचं विसर्जनच करतात. मग प्रश्न असा निघाला, की इंजिन झिजलं आहे की भंगलं आहे? ह्या प्रश्नावर आमच्या माडीवर रोज संध्याकाळी सभा बसू लागली. भोसले घाटाकडचे दोन शास्त्री येऊ लागले, ज्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा हातात धरलेली नाही. त्यांतल्या थोरल्यांनी विचारलं, इंजिन बदलल्यावर जीप तीच राहते का? कारण संकठा देवीपुढे तिची पूजा झाली तेव्हा संकल्पात जुनं इंजिन होतं. धाकट्यांनी विचारलं, विसर्जन म्हटलं तर होडी कुठल्या घाटावरून सोडावी? ह्यांनी, मी व्याकरण शिकवतो म्हणून सांगतो, अशी सुरुवात करून सिद्ध केलं, की दाब कमी होणं ही झीजही नव्हे आणि भंगही नव्हे, तो क्षय आहे, आणि क्षयाला औषध असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेल हा शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही. चहा मात्र अखंड चालू होता, आणि तो कोण करत होतं हे तुला सांगायला नको.

एवढ्यानं माझं प्रारब्ध संपलं नाही. ह्याच सुमाराला आमच्या नंदावन्सं आणि त्यांचे यजमान (नवरा ह्या अर्थी) वासुदेवराव साताऱ्याहून काशी करायला आले. काशी करून झाली तरी अजून आहेत. वासुदेवरावांनी सगळी नोकरी साखर कारखान्यात काढली, म्हणून यंत्रांतलं त्यांना कळतं. ती नोकरी टाइम ऑफिसात होती आणि ते कामगारांची हजेरी मांडत, ही गोष्ट वन्सं माझ्या कानात सांगतात. वासुदेवरावांचा दुसरा गुण म्हणजे त्यांची हिंदी. हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावायचं, असा त्यांचा सिद्धांत आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या दूधवाल्याला दम भरला, की पाणी घातलंस तर शिक्षा मिलेगी. इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. तो बिचारा हरखून गेला आणि मुलाला पाठशाळेत कधी पाठवू म्हणून हल्ली रोज विचारतो. पाणी आहे तितकंच आहे. तर असे हे वासुदेवराव सभेत तिसरा पक्ष घेऊन बसले, की दुरुस्ती नको, नवंही नको, कुठूनतरी वापरलेलं चांगलं इंजिन आणून बसवावं.

फाल्गुन गेला. पाडवा तोंडावर आला. शेवटी मी म्हटलं, एवढं शास्त्र ह्या घरात ऐकते आहे तर थोडं वापरून पाहू. मी माडीवर जाऊन, पदर नीट करून, सभेला सांगितलं, की जीर्णोद्धाराचा निर्णय होईपर्यंत कर्त्यानं हविष्यान्नावर राहावं असा नियम आहे, आणि इथे सगळेच कर्ते दिसतात. (असा नियम आहे की नाही देव जाणे. पण शास्त्र्यांनी नाही म्हणावं तर कुठलं वचन दाखवायचं?) संध्याकाळपासून मी तिखटमीठ बंद केलं. उकडलेले मूग, भात, तूप. चहा हविष्यात बसत नाही, म्हणून चहाही बंद. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मुगापर्यंत भोसले घाटाचे दोघेही मतभेद विसरून घरी गेले होते आणि दुरुस्ती करायची हे ठरलं होतं. मला काही दुरुस्तीचं प्रेम नव्हतं. ते विसर्जनावर राजी झाले असते तर मी स्वतः होडी वल्हवली असती. मला फक्त नागपूरला यायचं होतं.

लल्लननं इंजिन उतरवलं, खोललं, काहीबाही बदललं, आणि आज होईल, उद्या होईल असं रोज सांगू लागला. परवा दुपारी गल्लीच्या तोंडाशी साड्यांच्या दुकानात जो फोन आहे (अख्ख्या मोहल्ल्याचे निरोप त्यावरच येतात) तिथे लल्लनचा फोन आला. साताऱ्याला फोन लावायला म्हणून नेमके वासुदेवराव तिथे उभे. ते दोन-दोन पायऱ्या चढत वर आले आणि जिन्यातूनच ओरडले, "वहिनी, इंजिन बसलं!" अक्का, माझे हात पिठाचे होते, तशीच बाहेर आले. वन्सं म्हणाल्या, आता काय, चला नागपूर. हे पाठशाळेतून नुकतेच आले होते, त्यांना वासुदेवरावांनी सज्जात नेऊन सगळा निरोप पुन्हा सांगितला. ह्यांनी मान हलवली. माझ्याकडे एकदा पाहिलं, उपरणं घेतलं, आणि लाल पेढे आणायला गेले. मी खुळी, तोवर ट्रंक खाली काढून बसले होते; मग बकुळसाठी ठेवलेली बनारसी उन्हात टाकली.

काल सकाळी आम्ही सगळे वाजतगाजत, म्हणजे वाजंत्र्यांशिवाय, लल्लनच्या गॅरेजात गेलो. नारळ, झेंडूचा हार, पेढ्यांचा पुडा, आणि माझ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. इंजिन दोन लाकडी ओंडक्यांवर होतं आणि त्याच्याखाली काळ्या तेलाचं थारोळं. लल्लन शेजारी डोक्याला हात लावून बसलेला. वासुदेवरावांनी पुढे होऊन इंजिनाला हार घातला, मी कुंकू लावलं, भाऊजींनी नारळ फोडून लल्लनच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं तो खाल्ला आणि डोळे पुसत म्हणाला, "गुरूजी, एतना इज्जत से त आदमियो के ना बिदा कइल जाला." म्हणजे इतक्या मानानं माणसालासुद्धा निरोप देत नाहीत. तेव्हा मूळ निरोप काय होता ते बाहेर आलं. लल्लननं सांगितलं होतं, पंडितजी से कह दीजिए, इंजन बैठ गया. साताऱ्याला इंजिन बसलं म्हणजे जागेवर नीट बसलं. बनारसला इंजन बैठ गया म्हणजे कायमचं बसलं, गचकलं. सुरू करून पाहताना तेलाचा दाब आलाच नाही आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटून गेलं.

वासुदेवरावांना मी काही बोलले नाही, ते पाहुणे आहेत आणि मूळचेच तसे आहेत. पण मला नंतर कळलं, की सज्जात त्यांनी लल्लनचे शब्द ह्यांना जसेच्या तसे, 'बैठ गया'सकट, ऐकवले होते. अक्का, हे जन्मले इथे, वाढले इथे, ह्यांचे पणजोबा इथले. एका प्रत्ययावर तास तास बोलणारा हा माणूस. 'गेला' आणि 'जाऊन आला' ह्यांतल्या फरकावर ह्यांनी एकदा माझी आमटी गार केली होती. आणि 'बैठ गया'चा अर्थ ह्यांना कळू नये? नुसती मान हलवली आणि पेढे आणायला गेले! विद्वत्तेचा दाब डोक्यापर्यंत चढत नसला की असं होतं, आणि त्याला दिवाही लागत नाही.

आता पुन्हा सभा आहे. भाऊजी विजयी मुद्रेनं म्हणतात की भंग सिद्ध झाला, नवं आणा. हे म्हणतात, लल्लन अजून एकदा उघडून पाहील. वासुदेवराव ट्रॅक्टरचं इंजिन सुचवतात. ह्या गतीनं बकुळच्या पहिल्या बाळाच्या बारशाला आम्ही रीव्यापर्यंत पोचू.

तू हसत असशील. लिहिताना मलाही हसू आलं. पण खरं सांगते, काल परत येताना मला गल्लीतच रडू फुटलं आणि सांड आल्याचं निमित्त करून मी भिंतीकडे तोंड केलं. आपली आई गेल्यावर मी तुझ्याकडे होते तेव्हा बकुळच्या वेण्या मी घालायची, आठवतं ना? तिच्या हळदीला मी नसेन तर मला जन्मभर चैन पडणार नाही. बाबांच्या बाराव्यानंतर मी नागपूर पाहिलेलं नाही, आणि बाराव्याला येणं म्हणजे काही माहेरी येणं नव्हे.

असो. तुझ्याकडच्या भाऊजींना नमस्कार, त्यांच्या पुढ्यातलं मीठ कमी कर. बनारसी पुन्हा ट्रंकेत ठेवली आहे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
वीणा

ता. क. पेढे पुष्कळ उरले आहेत. कुणी खात नाही, खाताना इंजिन आठवतं.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहिलीच. तू ह्यांना एक खरमरीत पत्र लिही. वीणाला आठ दिवस आधी पाठवा, मुलीच्या मावशीशिवाय मुहूर्तमेढ रोवणार नाही, रेल्वेनं येत नसाल तर तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा, असं काय वाटेल ते लिही. ते तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. जीपचा उल्लेख चुकूनही करू नकोस, नाहीतर उत्तरादाखल जीर्णोद्धारावर दहा पानं येतील. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. हे पत्र ह्यांच्याच हातून पेटीत टाकायला देते आहे. भीती नाही, माझ्या पत्रात वाचण्याजोगं काही असेल असं त्यांना कधी वाटलेलं नाही.

ती. सौ. अक्कांस कृ. सा. न. वि. वि.

यापुढील मजकूर माझा आहे. पाकीट चिकटवलेले नव्हते. वरील पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका होत्या, त्या सुधारल्या आहेत. हविष्यान्नाचा तो नियम कोणत्याही ग्रंथात नाही, हे मला त्याच वेळी ठाऊक होते. तथापि मूग बरे झाले होते.

रेल्वेची दोन तिकिटे मी काल सायंकाळी काढली आहेत. मुहूर्तमेढीच्या आधी आठ दिवस आम्ही पोहोचतो. सोवळ्याचे मी पाहीन; प्रवासात केळ्यांवर राहता येते. सौभाग्यवतीस हे अद्याप सांगितलेले नाही. आपण ते खरमरीत पत्र मात्र अवश्य पाठवावे, आणि तिकिटे त्या पत्रामुळेच निघाली असे तिला वाटू द्यावे. भाषा जितकी कठोर असेल तितके बरे. तिने योजलेली युक्ती फुकट जाऊ नये.

'बैठ गया' याचा अर्थ मला सज्जातच कळला होता. सांगावे म्हणून मी आत वळलो, तो सौ. ट्रंकेपाशी बसून हळदीचे गाणे म्हणत होती. तिचा आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. मग मी पेढे आणायला गेलो. वाटेत मला असेही वाटून गेले, की इतकी वर्षे लल्लन आमची गाडी पाहतो आहे, तर निदान या एकदा तो मराठी अर्थाने बोलला असेल.

आपला
यज्ञेश्वर